चालेलचं पिंप

बाळ खांबेटे यांचं वय शहात्तर. या वयात माणसाला लोक आजोबा म्हणतात, साहेब म्हणतात, गेला बाजार अण्णा तरी म्हणतात. पण पार्सिपनीच्या मराठी मंडळींत खांबेट्यांना लहानथोर सगळे बाळकाकाच म्हणत. पत्रिकेत नाव बाळकृष्ण होतं. त्यातला कृष्ण सांगलीतच राहिला आणि नुसता बाळ विमानात बसून अमेरिकेत आला. इथल्या लोकांनी त्याचा 'बॉल' केला. खांबेट्यांनी त्यालाही हरकत घेतली नाही. ते म्हणाले, "चालेल."

हा त्यांचा शब्द. चहात आलं नसलं तरी चालेल, आलं जास्त झालं तरी चालेल. घर घेतलं तेव्हा परसदारी हायवे होता, तो चालला. मुलाने, म्हणजे अमेयने, डॉक्टर व्हायचं सोडून ड्रम वाजवायचं ठरवलं तेव्हाही ते चालेल म्हणाले, आणि अमेय कंटाळून ड्रम सोडून इन्शुरन्समध्ये गेला तेव्हाही तेच म्हणाले. लोकांना वाटे, काय समाधानी माणूस आहे. लग्नसुद्धा त्यांनी तीन आठवड्यांच्या रजेत असंच उरकलं होतं. कऱ्हाडला मुलगी पाहिली, पाहुणचार झाला, दारात बूट घालताना वडिलांनी विचारलं, "काय रे, कशी वाटली?" आणि खांबेटे बुटाची लेस बांधता बांधता म्हणाले, "चालेल." ती मुलगी म्हणजे उत्तरा. ती चालली. अजून चालते आहे.

एकाच बाबतीत खांबेट्यांना कमीजास्त चालत नसे, आणि ती म्हणजे त्यांची टॅनहिलची कारकीर्द. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत एका चिंचोळ्या खोऱ्यात टॅनहिल नावाचं गाव आहे. तिथे नट-बोल्टचा मोठा कारखाना होता, आणि शिक्षण संपल्यावर खांबेट्यांची पहिली नोकरी तिथली. बोल्ट तपासण्याची. नोकरी सुटली, कारखाना बंद पडला, पण खांबेट्यांच्या तोंडी तो दिवसेंदिवस भरभराटीला येत गेला. पहिल्या काही गणपतींत ते तिथे तपासनीस होते. अमेयच्या मुंजीपर्यंत तपासनिसांचे प्रमुख झाले. त्याच्या लग्नात व्याह्यांना सांगताना अख्खा प्लांट चालवत होते. आणि अलीकडे तर अमेरिकेतले निम्मे पूल त्यांच्या बोल्टांवर उभे होते. कुठेही पूल लागला की ते गाडीत खिडकीकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हा बहुतेक आपलाच." उत्तराबाई पुलाखालून पाणी वाहून जाताना पाहत बसत.

घोडं अडलं ते देवांगमुळे. देवांग हा मंडळातला तरुण, कॉम्प्युटरवाला, आणि ज्येष्ठांच्या कट्ट्याचे कार्यक्रम जुळवणारा. सप्टेंबरच्या कट्ट्यावर खांबेट्यांचं स्लाइडसकट भाषण ठरलं होतं. विषय त्यांनीच दिलेला: 'मी आणि अमेरिकेचे पूल'. देवांग सगळ्यांसमोर म्हणाला, "यार काका, टॅनहिलला त्या फॅक्टरीचं म्युझियम केलंय. मी त्यांची पूर्ण वेबसाइट चेक केली. तुमचं नाव कुठेच नाही सापडलं." म्हणाला तो हसत, पण बाजूच्या तिघी काकूंनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ते पाहणं खांबेट्यांनी पाहिलं.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. वेबसाइटवर काय, कुणीही काहीही टाकतं. भिंतीवर नाव असणारच. असलंच पाहिजे. त्या भिंतीशेजारी उभं राहून फोटो काढायचा, तो पहिल्या स्लाइडवर टाकायचा आणि देवांगच्या तोंडाला कुलूप घालायचं. आणि नाव नसलं तर? तर भाषण रद्द करावं लागणार होतं आणि उरलेलं आयुष्य त्या तिघी काकूंच्या नजरेखाली काढावं लागणार होतं. म्हातारपणी माणसाकडे गोष्टींशिवाय असतं काय? आणि खांबेट्यांकडे गोष्ट एकच होती.

अमेयला वेळ नव्हता, म्हणून त्याने गाडी दिली आणि सोबत मुलगी दिली. आन्या वीस वर्षांची, कॉलेजच्या सुट्टीवर आलेली. तिला आजोबांच्या पुलांची गोष्ट पाठ होती आणि ती तिला मनापासून खरी वाटत असे.

उत्तराबाई म्हणाल्या, "मीही येते. सहा हिवाळे काढलेत मी त्या गावात."

"चालेल," खांबेटे म्हणाले.

उत्तराबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, लिंबाचं लोणचं घेतलं, आणि चालायचं असेल म्हणून कॅनव्हासचे बूट घातले.

टॅनहिल आता सुधारलं होतं. म्हणजे असं, की पूर्वी तिथे लोक काम करत आणि आता तिथे लोक कामाची आठवण बघायला येत. डोंगराच्या उतारावर कामगारांची अरुंद घरं एकाला एक चिकटून तशीच उभी होती, फक्त त्यांना पिस्ता आणि जांभळा रंग दिला होता आणि त्यांत न्यूयॉर्कची माणसं शनिवार-रविवारी राहायला येत. ज्या नदीत कारखान्याने पन्नास वर्षं तेल सोडलं, तिच्या काठाला 'निसर्ग पथ' अशी पाटी होती. मालगाडीच्या रुळांवरून तंग कपड्यांतले लोक सायकली दामटत होते. भट्टीच्या खोलीत कॉफी मिळत होती, आणि ती देणाऱ्या पोराच्या अंगावर जुन्या कामगारासारखा एप्रन होता, मुद्दाम काजळी लावलेला. ज्यांच्या अंगावर खरी काजळी होती ती माणसं गावाबाहेरच्या स्वस्त मॉलमध्ये गोदामात खोकी उचलत होती. चिमणी मात्र होती तिथेच होती. तिच्यातून धूर निघत नसल्यामुळे ती फोटोत फार छान येत असे.

"इथे माझी बसायची जागा होती," खांबेटे पार्किंगमध्ये उतरताच म्हणाले. तिथे विजेच्या गाड्या चार्ज करायचा खांब होता.

म्युझियमचं दार दुकानातून होतं. आधी खरेदी, मग इतिहास, अशी रचना. दुकानात कॉफीचे मग होते, टोप्या होत्या, गंजके बोल्ट लाकडी ठोकळ्यावर बसवून कागदांवर ठेवायला विकत होते. जवळजवळ सगळ्यांवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता: CHALEL. खांबेट्यांनी तो 'शॅलेल' असा वाचला, एखादी फ्रेंच कंपनी असावी असं धरलं आणि पुढे गेले. उत्तराबाईंनी मात्र एक मग उचलला, दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि जिथला तिथे ठेवला.

माहिती देणारी बाई डोना. सत्तरीची, पांढरे केस, आवाज खणखणीत. तिचे वडील याच कारखान्यात लेथवर होते. तिने तिघांना आत नेलं. आत भिंतच भिंत होती. मालकाच्या चार पिढ्या होत्या. युनियनचे पुढारी होते, संपात लाठ्या खाल्लेले. बोलिंगचा कप जिंकलेला संघ होता. कॅन्टीनमध्ये ॲपल पाय बनवणारी बाई होती. उंदीर मारणारं 'पिकल' नावाचं एक मांजर होतं, त्याला स्वतंत्र चौकट, जन्ममृत्यूच्या तारखा आणि एक कविता होती. खांबेटे एकेक चौकट चष्मा वर करून, चष्मा खाली करून वाचत गेले. दुसऱ्या फेरीला त्यांची चाल मंदावली. मांजरापाशी ते दुसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"मी इथे होतो," ते डोनाला म्हणाले. "क्वालिटी कंट्रोल. खांबेटे. बॉल."

"हो का? किती छान!" डोना म्हणाली. अमेरिकेत हे वाक्य बाळ झालं तरी म्हणतात आणि किडनी स्टोन पडला तरी म्हणतात. "दुर्दैवाने ऑफिसचे कागद पुरात गेले. लोकांना आठवतं तेवढंच आमच्याकडे आहे. आणि आठवणीचं म्हणाल, तर आमच्या गावाचा खरा अभिमान इकडे आहे."

ती त्यांना हॉलच्या मधोमध घेऊन गेली. तिथे काचेच्या पेटीत, वरून दिवा सोडलेला, एक पत्र्याचं पिंप होतं. अर्धं बोल्टांनी भरलेलं. पिंपावर कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटने वेडंवाकडं लिहिलं होतं: CHALEL.

"तपासणीच्या टेबलाशी दोन पिंपं असत," डोना सांगू लागली. "एक चांगल्या मालाचं, एक भंगाराचं. बोल्ट गेजच्या, म्हणजे मापाच्या, कड्यातून सरळ गेला तर चांगला, अडला तर भंगार. पण काही बोल्ट धड जात नसत, धड अडतही नसत. त्यांच्यासाठी हे तिसरं पिंप आलं. चालेलचं पिंप. ते पुलांना जात नसे, देवाची कृपा. व्हरांड्यातले झोपाळे, जत्रेतल्या घडीच्या खुर्च्या, असल्यांना जाई. या गावात प्रत्येक घरचा झोपाळा एकदा तरी पडलेला आहे! मग सगळा गावच तो शब्द वापरायला लागला. गाडी खडखडते पण पोचवते? चालेल. जावई दारू पितो पण मारत नाही? चालेल. आम्ही उन्हाळ्यात 'चालेल डे' करतो, सगळ्यांत वाकड्या केकला बक्षीस असतं. शब्द कुठून आला ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. एक प्रोफेसर म्हणाले, स्लोव्हाक असावा. दुसरे आले, ते म्हणाले वेल्श."

चांगले बोल्ट सगळे पुलांत गेले. गावाकडे उरले ते हे. आणि दुकानात ठोकळ्यांवर विकत होते तेही हेच, चांगल्या बोल्टच्या दसपट भावाने.

खांबेटे पिंपाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या काळी कानांत कापसाचे बोळे असत आणि यंत्रांचा असा गदारोळ, की शेजारी कोण काय म्हणतंय ते कधी ऐकू आलंच नव्हतं. ते आपले कड्यात बोल्ट घालत, तोंडाने 'चालेल' म्हणत आणि बोल्ट बाजूला टाकत. तो बाजूला कुठे पडतो, याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

आन्या मात्र किंचाळलीच. "ओह माय गॉड! आजोबा! दॅट्स यू! डोना, ही सेज दॅट ऑल डे लाँग! इट्स मराठी!"

डोनाने छातीवर हात ठेवला. दोन प्रोफेसर जे करू शकले नाहीत ते एका मुलीने केलं होतं. डोनाने धावत जाऊन ऑफिसातून रेकॉर्डर आणला, खांबेट्यांना बाकावर बसवलं, आन्या एका बाजूला, उत्तराबाई दुसऱ्या. "मिस्टर बॉल, आज इथे तुमच्या नावाचं कार्ड लागणार," ती म्हणाली. "आता रेकॉर्डवर सांगा. तुमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ काय?"

आता आली का पंचाईत! नाव तर हवं होतं, पण ते या पिंपावर? कट्ट्यावर पहिल्या स्लाइडला काय दाखवायचं, गावभर पडलेले झोपाळे? खांबेट्यांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. नाव ते नाव, भिंत ती भिंत. अर्थ तेवढा जरा सरळ करून घेतला की झालं. एका मराठी शब्दाने अमेरिकन उद्योगाला गुणवत्तेचा मंत्र दिला! देवांग काय, त्याचा बाप टाळ्या वाजवेल.

त्यांनी घसा साफ केला. "चालेल मीन्स 'ॲप्रूव्ड'," ते म्हणाले. "आफ्टर व्हेरी केअरफुल एक्झामिनेशन."

डोनाच्या कपाळावर आठी पडली. "गंमत आहे. आमच्याकडे तर बरोबर उलटा अर्थ झाला. मग ही पाटी बदलावी लागेल. दुकानातले मगसुद्धा." ती विचारात पडली. "पण आमच्या बोर्डाचा नियम आहे, भाषा जाणणारं दुसरं माणूस लागतं. आन्या, तू?"

"माय मराठी इज चालेल," आन्या म्हणाली.

डोना उत्तराबाईंकडे वळली. खांबेट्यांनीही मान वळवली आणि हळूच, मराठीत, गोड आवाजात म्हणाले, "अगं, हो म्हण. एवढंच म्हण."

उत्तराबाईंनी पार्सिपनीच्या लायब्ररीत तीस वर्षं काढली होती. त्यांचं इंग्रजी नवऱ्यापेक्षा सरळ होतं, फक्त ते घरात फारसं लागत नसे.

"मी नवीन लग्न होऊन या गावात आले तेव्हा बर्फ होता," त्या डोनाला म्हणाल्या. "यांच्याखेरीज कुणाच्या तोंडून मराठी ऐकायला मिळत नसे, आणि यांच्या तोंडूनही फार नाही. एकदा किराणा दुकानात एक बाई टोमॅटो निवडत होती. एक मऊसा टोमॅटो तिने फिरवून पाहिला आणि म्हणाली, चालेल. मला वाटलं, ही माझी भाषा बोलली! मला रडूच आलं. मी तिच्याजवळ गेले, म्हटलं, तुम्ही आत्ता काय म्हणालात? ती म्हणाली, हनी, म्हणजे चांगलाही नाही आणि वाईटही नाही. आणखी शोधत बसायचा कंटाळा आला की माणूस घेतो ना, तसा."

डोना खदखदून हसली. "अगदी बरोबर! माझी आई हेच सांगायची!"

"मग मला नीट कळलं," उत्तराबाई तशाच आवाजात पुढे म्हणाल्या. "कारण मी तो शब्द त्याआधी एकदा माझ्याबद्दल ऐकला होता. हे मला बघायला आले होते. जाताना दारात सासऱ्यांनी विचारलं, मुलगी कशी वाटली. यांनी हाच शब्द सांगितला. मी पडद्याआड होते."

"ओह!" डोना म्हणाली. "आणि त्याचा अर्थ ॲप्रूव्ड…"

"नाही. तुमच्या गावाचा अर्थ बरोबर आहे. मगवरचं एक अक्षर बदलू नका."

रेकॉर्डर चालूच होता. आन्या आजोबांकडे बघत होती, आणि ते बघणं त्या तिघी काकूंच्या बघण्यापेक्षा वाईट होतं. खांबेट्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांना खरंच लाज वाटली. शहात्तर वर्षांत हे फार वेळा झालेलं नसल्यामुळे लाज वाटल्यावर हात कुठे ठेवायचे तेही त्यांना सुचेना. चालेल म्हणजे आपलं मोठं मन, असं ते जन्मभर समजत आले होते. त्या शब्दाखाली कुणी उभं असतं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अगं, एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही चालेल म्हणाला असतात."

"तसं नव्हतं गं ते," खांबेटे काकुळतीने म्हणाले. "आवडली होतीस तू मला. फार आवडली होतीस. बाबांसमोर वर बघायची लाज वाटली, म्हणून लेसकडे बघत बोललो." आता हे मुळात खरं होतं, का ही गोष्टही पुलांच्या गोष्टीसारखी तिथल्या तिथे वाढली होती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. उत्तराबाईंनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून ताकास तूर लागू दिली नाही.

तेवढ्यात ऑफिसात गेलेली डोना ताजं छापलेलं कार्ड घेऊन आली. "बघून घ्या हं," म्हणत तिने ते खांबेट्यांच्या हातात दिलं. त्यावर सुबक अक्षरांत छापलं होतं: 'चालेल' या शब्दाचे जनक, तपासनीस बॉल कॅम्बेटी.

चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते नाव! आणि त्यात धड एक अक्षर जागेवर नव्हतं. पहिल्या नावात एक एल जास्त होता, आडनावातला एच गायब होता, आणि शेवटाला तर अख्खा इटालियन माणूस येऊन बसला होता. सप्टेंबरच्या कट्ट्यावर कॅम्बेटी म्हणून उभं राहायचं? देवांग म्हणेल, काका, हे तर कुणी दुसरेच आहेत.

"हे चुकलंय," खांबेटे म्हणाले. "इथे एच हवा. इथे ई. नाव बरोबर पाहिजे. नावात कमीजास्त चालणार नाही."

"अरेरे," डोना म्हणाली. "छापणारा मुलगा आत्ताच गेला. दुरुस्त करायचं तर कार्ड बोर्डापुढे जाईल आणि लागेल ऑक्टोबरमध्ये. नाही तर हे आत्ता लावते. तुम्ही म्हणाल तसं."

खांबेट्यांनी बायकोकडे पाहिलं. घरात, ऑफिसात, बँकेत, जिथे म्हणून आपलं म्हणणं पुरं पडत नसे, तिथे ते असंच पाहत आणि ती बाजू घेत असे. "अगं, तू सांग ना हिला," ते म्हणाले. "बघ तरी काय छापलंय ते."

उत्तराबाई बाकावरून उठल्या. त्यांच्या बुटाची लेस सुटलेली नव्हती. तरी त्या खाली वाकल्या, लेस सोडली, आणि ती पुन्हा सावकाश बांधता बांधता, वर न बघता म्हणाल्या, "चालेल."

डोनाला भाषांतर लागलं नाही. तिने खांबेट्यांच्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि पिंपाखालच्या चौकटीत सरकवलं.